इतवारीतले नाव कोरणारे यंत्र

मित्रांनो, भांड्यांवर नावे कोरणारे एक जुने यंत्र तुमच्याशी बोलत आहे. मुठीत मावेल एवढा माझा देह, टोकाला पोलादी सुई. बटण दाबले की सुई थरथरते आणि पितळेवर, स्टीलवर अक्षर उमटते. नागपूरच्या इतवारीत, मार्तंडरावांच्या भांड्यांच्या दुकानात माझी वीस वर्षे गेली.

मला सर्वांत चांगले चालवले ते दुकानात कामाला असलेल्या केयूरने. आधी आखून न घेताही त्याची ओळ सरळ जाई. लोक भांडे उजेडात धरून पाहत आणि त्याचे नाव विचारत.

मग तो गर्द ओढू लागला. गर्द म्हणजे हेरॉईन. आधी गंमत म्हणून, पुढे त्यावाचून उभे राहवेना म्हणून. अक्षरे वाकडी झाली. एका लग्नाच्या भांड्यांवर त्याने भलतेच नाव कोरले. शेवटी एके दुपारी त्याने मला शर्टाखाली लपवून नेले आणि भंगारवाल्याला विकले. मार्तंडरावांनी मला शोधून परत आणले. केयूरला दुकानात येऊ नको म्हणून सांगितले.

आठ महिन्यांनी त्याची बायको उत्तरा त्याला घेऊन आली.

"रोज दवाखान्यात जाऊन गर्द सुटायची गोळी जिभेखाली घेऊन राहिले हे," ती म्हणाली. "मधात एकदा घसरले, पुन्हा ओढलं होतं. दुसऱ्या दिवशी सोताच डॉक्टरले सांगितलं."

"आता तं सोडलं ना? मंग हात काहून थरथरते?" मार्तंडरावांनी विचारले.

केयूर खाली पाहून बोलला. "डॉक्टर म्हणते, हातावर ताबा यायचा आहे, अन् डोक्यातला मन आवरायचा ब्रेकही कमजोर झाला. औषध चालू ठेवलं तं हळूहळू भरून येते. वेळ लागते."

मार्तंडरावांनी गिऱ्हाइकाची भांडी दिली नाहीत. एक चेपलेले ताट दिले आणि म्हणाले, "यावर कर."

रोज गोळी घेऊन तो हुडकेश्वरहून बसने येई आणि त्या ताटावर मुळाक्षरे कोरी. पहिला महिना अक्षर ओळखू येत नव्हते. मी पाहत होते. कौतुक करण्यासारखे काही नव्हते.

एके दिवशी मार्तंडराव जेवायला गेले असताना बळीराम आला. दोघे पूर्वी एकत्रच ओढत. त्याने खिशातली पुडी अर्धी वर काढून दाखवली.

"चाल गा. एकच डाव."

केयूरच्या तळव्याला घाम सुटला. मी त्याच्या हातात होते, मला ते कळले. तो उठला, ओट्याच्या कडेपर्यंत गेला. तिथेच थांबला.

"पंधरा मिनिटं बस," तो म्हणाला. "तलफ चढते तशी उतरते, असं दवाखान्यात शिकवलं. मंग सांगतो."

बळीराम हसला, पण बसला. केयूरने मला ताटावर टेकवले. अक्षरे वेडीवाकडी आली, सुई दोनदा घसरली, त्याच्या अंगठ्यातून रक्त आले. पंधरा मिनिटे झाली. "अजून पंधरा," तो म्हणाला. घामाने त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. हळूहळू माझ्यावरची पकड सैल झाली.

"मी नाही येत. तू उद्या माह्यासंगं दवाखान्यात चाल."

बळीराम पुडी खिशात सारून निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो आला नाही. नंतरही नाही.

मार्तंडराव परतल्यावर केयूरने आपणहून सगळे सांगितले. त्यांनी त्याच्या अंगठ्याला चिंधी बांधली. मग फडताळातून नवा तांब्या काढून त्याच्यापुढे ठेवला. "गिऱ्हाइकाचा आहे. भैरवी हे नाव लिहायचं आहे. सावकाश लिह."

ती ओळ किंचित वाकडीच गेली. गिऱ्हाइकाने तांब्या घेतला.

मित्रांनो, तुमच्या घरात किंवा गल्लीत असा कोणी औषधावर असेल, तर त्याला घाई करू नका, आणि घसरला म्हणून टाकून देऊ नका. त्याला काम द्या आणि वेळ द्या.

परवाच शेजारच्या दुकानदाराने केयूरला विचारले, "काय गा, बरा झाला का?"

त्याने मान वर न करता सांगितले, "हळूहळू होऊन राहिलो."