गोलामागचा बाक

मित्रांनो, माझ्याकडे बघून नाक मुरडू नका. मी बाभळीचा बाक आहे, चांगला जुना आहे, माझा एक पाय आखूड आहे आणि कुणी बसलं की मी कुरकुरतो. त्या कुरकुरीचा मला पुरता हक्क आहे. पिंपरीतल्या फुटबॉलचा जेवढा भार मी सोसलाय, तेवढा एखाद्या गोलच्या खांबानंसुद्धा सोसला नसेल.

मी मूळचा मालोजींच्या बांधावरचा. मालोजींचं पिंपरी गावातलं जुनं शेतकरी घराणं. कंपनीसाठी जमिनी गेल्या, तेव्हा त्यांचं वरचं रान गेलं आणि बांधावरची बाभळही पडली. बाभळीचं लाकूड सरपणात घालायला त्यांचं मन होईना. त्यांनी रहाटणीहून आबाजी सुतारांना बोलावलं. आबाजींचा हात चांगला, पण जीभ त्याहून चांगली. बोलण्याच्या नादात त्यांनी माझा एक पाय आखूड कापला. मग त्याखाली कौलाचा तुकडा सरकवून म्हणाले, "आता हलतोय का बघा!" मी हललो. तेव्हापासून हलतोच आहे.

मालोजींनी मला कंपनीच्या दरवाजासमोर गोजाबाईंच्या चहाच्या हॉटेलात ठेवलं. रान गेलेल्या माणसाला दिवस खायला उठतो. ते सकाळी यायचे, माझ्या उजव्या टोकाला बसायचे आणि हाताने मला चाचपून म्हणायचे, "आपलीच बाभळ हाय ही." मला तेवढ्यानं बरं वाटायचं.

माझ्यावर सहा माणसं मावतात. शिफ्ट सुटली की ती जागा भरायची आणि फुटबॉलची चर्चा सुरू व्हायची. कंपनीच्या कामगारांचा संघ पुण्याच्या स्पर्धेत वरच्या गटात खेळत होता. बॉयलर खात्यातले उद्धवराव हे त्या संघाचे सगळ्यात मोठे पाठीराखे. साताऱ्याकडचा माणूस, आवाज भोंग्यासारखा. स्वतः कधी बॉलला पाय लावला नसेल, पण कोणी कुठे पास द्यायला हवा होता हे ते बशीतला चहा फुंकता फुंकता सांगायचे.

मालोजींना आधी या खेळात काही राम वाटत नसे. ते जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. "बावीस जणं एका चेंडवापायी पळत्यात, ह्यो काय खेळ हाय व्हय?" असं म्हणून ते उद्धवरावांना चिडवायचे. पण एकदा त्यांनी ज्योतीरामला गोलात बघितलं आणि गडी पार बदलला.

ज्योतीराम तुळजापूरकडचा पोरगा. लांब हातांचा, कमी बोलणारा. खेळतो म्हणूनच कंपनीनं त्याला बदलीवर घेतलं होतं. बदली म्हणजे कायमचा कामगार रजेवर गेला तर काम, नाहीतर दरवाजापाशी ताटकळणं. बायको दुर्गाबाई आणि तान्हं लेकरू गावाकडेच होतं. त्यांना आणायचं म्हणून रहाटणीत त्यानं एक खोली बघून ठेवली होती, पण कायम झाल्याशिवाय ती घ्यायची त्याची छाती होत नव्हती. बॉल अंगावर घ्यायला तो कधी डरला नाही, पण "खोलीचं काय झालं?" असं कोणी विचारलं की मान खाली घालायचा.

छप्पन सालच्या थंडीत हंगाम संपत आला. आमचा संघ खालून दुसरा, आणि शेवटचे दोन संघ खालच्या गटात जाणार होते. शेवटचा सामना देहूरोडच्या डेपोवाल्यांशी आणि तोही आमच्याच माळावर. तेवढ्यात कंपनीच्या साहेबांनी दरवाजापाशी सांगून टाकलं, की संघ वरच्या गटात टिकला तर बदलीवरच्या खेळाडूंना कायम करू, आणि खाली घसरला तर संघाचा खर्चही बंद आणि त्यांची बदलीही बंद.

त्या संध्याकाळी माझ्यावर सहाच्या जागी आठ माणसं चढली. मी करकरलो, पण ऐकतो कोण!

"बरोबरी पुरे आहे," उद्धवराव म्हणाले. "जिंकायची गरजच नाही राव. बरोबरी केली की आपल्या वरचे रेल्वेवाले खाली जातात आणि आपण वर राहतो."

"डेपोवाल्यांचा तो उंच गडी लई वांड हाय," मालोजी म्हणाले. "डोस्क्यानं मारतोय."

"मारू दे. गोलात आपला ज्योतीराम आहे ना!"

ज्योतीराम शेगडीपाशी उभा होता. गोजाबाईंनी त्याच्या हातात चहा दिला आणि सगळ्यांवर खेकसल्या, "अरे, त्या लेकराला घोटभर चहा तरी पिऊ द्या. सगळी पिंपरी त्याच्या डोक्यावर बसवताय!"

मालोजी म्हणाले, "बसवायचंच हाय. बरोबरी झाली की म्या माझ्या हातानं ह्याच्या डोस्क्याला फेटा बांधणार. अबोली रंगाचा आणून ठिवलाय."

"मालोजीराव, शिट्टी झाल्यावर हं," उद्धवराव हसत म्हणाले. "तुमच्या कुस्तीसारखं मधेच आखाड्यात शिरू नका."

"मला काय समजत न्हाई व्हय? शिट्टी झाल्यावरच!"

इथं तुम्हाला एक गोष्ट सांगायला हवी. जत्रेच्या कुस्तीत मालोजी पंच असत, तेव्हा शिट्टी एकदाच वाजायची. पाठ मातीला लागली की शिट्टी, आणि शिट्टी झाली की फेटा. मधल्या वेळात वाजवायची त्यांना कधी गरजच पडली नव्हती.

आमच्या संघाची एक रीत होती. माळावर सामना असला की चौघं जण मला खांद्यावर घेऊन जायचे आणि ज्योतीरामच्या गोलामागे ठेवायचे. मी तिथं असलो की संघ हरत नाही, असं उद्धवरावांचं म्हणणं. खरं तर मी असताना संघ कितीतरी वेळा हरला होता, पण कौतुक नको कुणाला? मीही गप्प बसायचो.

त्या दिवशी माळ माणसांनी फुलून गेला होता. कोणी सायकलवर उभं राहून बघत होतं, कोणी बैलगाडीतून. गोजाबाईंनी हॉटेल बंद करून किटली सरळ माळावरच आणली होती. गोलाला जाळी नव्हती, त्यामुळे चुकलेला बॉल थेट माझ्या पायांत यायचा.

आधी डेपोवाल्यांनी गोल केला. उद्धवरावांच्या तोंडचं पाणी पळालं. मग आपल्याकडून एक झाला आणि लोकांनी टोप्या उडवल्या. एक-एक अशी बरोबरी. त्यानंतर डेपोवाल्यांनी जो मारा सुरू केला, तो विचारू नका. ज्योतीराम कधी डावीकडे झेपावतोय, कधी पायांत लोळण घेतोय. गुडघे फुटले, सदरा मातीनं लाल झाला, पण बॉल आत जाऊ दिला नाही.

खेळ अगदी संपत आला होता. डेपोच्या त्या उंच गड्यानं असा बॉल हाणला, की मला वाटलं आता संपलं. ज्योतीराम हवेत उडाला आणि बोटांनी बॉल खांबाबाहेर काढला. बॉल गडगडत माझ्याखाली आला. माळावर एकच आरोळी उठली. उद्धवराव "वाचलो, वाचलो!" करत नाचायला लागले, आणि रेफ्रीनं कॉर्नरची शिट्टी वाजवली.

शिट्टी! आधीच्या शिट्ट्यांना मालोजी बसून राहिले होते, पण 'वाचलो'च्या पाठोपाठ वाजलेली ही त्यांना शेवटचीच वाटली.

ज्योतीराम बॉल घ्यायला माझ्यापाशी आला. तो त्यानं वाकून काढला आणि कॉर्नरकडे टोलवून दिला. मालोजी माझ्यावर उभे राहिले, पिशवीतून फेटा काढला आणि म्हणाले, "मान वाकीव, लेका."

"आबा, थांबा की जरा. आणखी..." मालोजींना तो आबा म्हणायचा.

"वाकीव म्हंतो न्हवं!"

डोळ्यांत पाणी आलेला म्हातारा माणूस फेटा घेऊन उभा आहे, त्याचा हात कसा झिडकारायचा? ज्योतीरामनं मान वाकवली. एक वेढा पडला, दुसरा पडला. मी जीव तोडून कुरकुरलो. मित्रांनो, त्या दिवशी तरी कोणी माझी कुरकुर ऐकायला हवी होती! तिकडे डेपोवाल्यांनी कॉर्नर मारलासुद्धा. ज्योतीराम आवाजानं वळला, तर फेट्याचा पदर त्याच्या डोळ्यांवर. बॉल त्या उंच गड्याच्या डोक्याला लागला आणि रिकाम्या गोलातून सरळ येऊन माझ्या पायावर आदळला.

उद्धवराव रेफ्रीकडे धावले. "साहेब, आमचा गोली फेट्यात अडकला होता!"

"फेटा बांधायला मी सांगितलं नव्हतं," रेफ्री म्हणाला. त्याचं काय चुकलं? मैदानात कोणी शिरलं नव्हतं, गोलीच आपण होऊन बाहेर गेला होता. गोल धरला गेला. थोड्याच वेळात खरी शेवटची शिट्टी झाली. मालोजी हातात अर्धा सुटलेला फेटा घेऊन माझ्यावर तसेच उभे होते. त्यांना खाली उतरायचंही भान नव्हतं.

त्या दिवशी मला परत न्यायला चौघं मिळेनात. गोजाबाईंनी दोघांना दरडावलं, तेव्हा कुठे मी हॉटेलात पोचलो.

नंतरचे दिवस वाईट गेले. मालोजी रोज यायचे आणि उजव्या टोकाला बसायचे. ते बसले की बाकीचे उठायचे. उद्धवराव तर उभ्यानंच चहा पिऊन जायचे, माझ्याकडे बघायचेसुद्धा नाहीत. माझ्यावर सहा माणसं मावतात हे मी तुम्हाला सांगितलंच. तो सगळा आठवडा माझ्यावर एकच माणूस बसला. आठ माणसांच्या ओझ्यानं मी कधी वाकलो नव्हतो, पण त्या एकट्याचं ओझं मला सोसवेना.

बदली बंद झाल्याचं ज्योतीरामला कळलं आणि दुसऱ्या दिवशी तो ट्रंक घेऊन हॉटेलात आला. शिफ्ट नुकतीच सुटली होती, गर्दी होती. मालोजी उठायला लागले, तर ज्योतीरामनं ट्रंक खाली ठेवली आणि तो त्यांच्या शेजारी, अगदी मांडीला मांडी लावून बसला.

"गावाकडं जाऊलालो, आबा."

मालोजींनी त्याचा हात धरला. मग एकदम म्हणाले, "तुजी रोजी घालवली रं म्या. तुज्या बाईलेकराचं घर मोडलं. माझ्या हाताला किडं पडावंत."

"असं बोलू नका. गोल मी खाल्लाय आबा, मान मी वाकवली."

"तू कशापायी वाकवलीस?"

"गाव सोडून इथं आलो, तर माझ्यासाठी कोणी फेटा आणून ठेवील असं कधी वाटलं नव्हतं." ज्योतीरामनं डोक्यावरची टोपी काढली. "दोनच वेढे झाले होते. पिशवीत असंल तर पुरा बांधा की. गाडीला वेळ आहे अजून."

फेटा पिशवीतच होता. मालोजी तो रोज बरोबर आणत होते. पहिला वेढा दोनदा सुटला. मग कुणीतरी पुढं होऊन फेट्याचं दुसरं टोक ताणून धरलं. मी बघतो तर उद्धवराव! मान फिरवून धरलं होतं, पण धरलं होतं. गोजाबाई पदरानं डोळे पुसत शेगडीवर उगाचच ओरडत होत्या.

फेटा झाला. ज्योतीराम मालोजींच्या पाया पडला, ट्रंक उचलली आणि अबोली फेट्यात स्टेशनकडे निघाला. तो दिसेनासा झाला, तेव्हा उद्धवराव माझ्यावर बसले, मालोजींना खेटून. मग आणखी एक बसला, मग आणखी एक. मी कुरकुरलो, पण ती सुखाची कुरकुर होती.

ज्योतीराम परत कंपनीत लागला नाही. हे मी तुम्हाला गोड करून सांगणार नाही. तो गावाकडेच राबला आणि रहाटणीच्या त्या खोलीत दुसरंच बिऱ्हाड आलं.

आमचा संघ पुढच्या वर्षी कामगारांच्या खर्चानं खालच्या गटात खेळला आणि पुन्हा शेवटच्या सामन्यावर येऊन ठेपला. मला गोलामागे नेलं. मालोजींनी नवा फेटा आणला होता, पण तो पिशवीसकट माझ्यावर ठेवला आणि ते त्यावरच बसले. दर शिट्टीला विचारायचे, "ही शेवटची का?" उद्धवराव न चिडता सांगायचे, "नाही, मालोजीराव, बसा." शेवटची शिट्टी झाली, संघ जिंकला, लोक मैदानात धावले, तरी म्हातारा उठेना. "उठा की आता!" उद्धवराव म्हणाले. मालोजींनी आधी रेफ्री मैदानाबाहेर जाऊ दिला. मग उठून गोलाकडे गेले आणि नव्या गोलीच्या डोक्याला फेटा बांधला. बांधून झाल्यावर ते परत आले, माझ्या उजव्या टोकाला बसले आणि ज्योतीराम बसला होता त्या शेजारच्या मोकळ्या जागेवर हात ठेवून रडले.

आता गोजाबाईंनी लोखंडी खुर्च्या आणल्या आहेत. मी हॉटेलामागे भिंतीला टेकून उभा आहे. माझ्यावर कोंबड्या बसतात आणि कौलाचा तो तुकडाही कुणीतरी पळवला. मला तेल लावा, माझा पाय सांधा, तुमचे उपकार होतील. खुर्चीवर एकच माणूस बसतो, म्हणून मला खुर्च्यांचा राग येतो. मित्रांनो, तुमच्या संघात कोणी चुकला, त्याच्यापायी तुम्ही हरलात, तर त्याच्यावर रागवा, हवं तर भांडा. पण तो बाकावर एकटा बसलेला दिसला, तर ज्योतीरामसारखं त्याच्या शेजारी जाऊन बसा.