टाळ कुठं गेले

टिण्… कानातल्याची फिरकी फरशीवर पडली आणि घरंगळत खुर्चीखाली गेली. दुपारच्या शांततेत एवढासा आवाजही शीतलला केवढा वाटला. ती उचलायला वाकली, वाकल्या वाकल्या वर पाहिलं—खुर्चीत तिचे वडील, आबा, खिडकीकडे बघत बसलेले. मानसुद्धा हलली नाही. याआधीही असं किती काय पडलं असेल, आणि मला वाटायचं, आबा विचारात आहेत…

कपाटातला स्टिरिओ आजही बंदच होता. काळा, सपाट, तोंडावर एकच बटण—आवाज लहानमोठा करायचं. तिनेच निवडलेला. बियाण्याच्या कंपनीतल्या प्रयोगशाळेत दाण्यातला ओलावा दशांशापर्यंत मोजायची सवय. पंधरा दिवस वाचून, तक्ते ताडून ती दुकानात गेली होती, आबांना सोबत घेऊन, कारण तो त्यांच्यासाठीच घ्यायचा होता. केदारखेड्याचं भजनी मंडळ सोडून ते लेकीकडे जालन्याला आले, तर निदान भजनं तरी घरात वाजावीत. पण आबांचा हात गेला भलत्याच सेटवर—बटणंच बटणं असलेल्या. त्यातलं एक, बारीक आवाज चढवायचं, त्यांनी पार शेवटपर्यंत पिळलं, तसे लावलेल्या भजनातले टाळ असे खणखणले की दुकानदारानं कानावर हात ठेवला.

“हे बघ माय, कसं मोकळं वाजून राह्यलं.”

“कर्कश वाजतंय, आबा. टाळ असे नसतात.”

“चाळीस वर्सं टाळ वाजवले म्या. आता तू शिकव मला, टाळ कसे असतेत ते.”

दुकानदार हसला. तिला हसू आलं नाही. “ती तुमची आवड झाली. जसं वाजवलं तसंच ऐकायचं, तर हा घ्यायचा. यात आवाज सोडला तर फिरवायला काही ठेवलेलंच नाही.”

ठेवलेलंच नाही… काय तोऱ्यात म्हणाले होते मी.

पहिल्या संध्याकाळी आबा खुर्ची पुढे ओढून बसले. थोड्या वेळानं म्हणाले, “टाळ कुठं गेले?”

“आहेत की. मागे आहेत, जिथं असायला पाहिजेत तिथं.”

त्यांनी मान डोलावली. पुन्हा विचारलं नाही. आठवड्याभरानं ऐकायचंही सोडलं, आणि तिला वाटलं, रुसलेत. रुसू देत, कान तयार होतील हळूहळू…

आज सकाळी कानाच्या डॉक्टरांनी विचारलं, “कारखान्यात होतात का?”

“होतो की. सळयांच्या मिलमधी, सव्वीस वर्सं.”

तपासणीच्या कागदावरची रेघ डावीकडून सरळ चालत आली होती आणि उजवीकडे एकदम खाली गेली होती. बारीक, उंच पट्टीचे आवाज गेलेत, डॉक्टर म्हणाले; कानात लावायच्या मशीननं बोलणं बरंचसं कळेल, पण टाळांचं विचाराल तर, पहिल्यासारखे नाहीत.

म्हणजे दुकानात आबा आवड सांगतच नव्हते. कानात जेवढं कमी पडत होतं तेवढं बटण पिळून भरून काढत होते—आणि दाणा न् दाणा मोजणाऱ्या मला तेवढं एक माप घ्यायचं सुचलं नाही.

ती त्यांच्यासमोर जाऊन बसली. मोठ्यानं म्हणाली, “आबा, तो दुसरा आणू या का? बटणांचा?”

“कशाला? हे बराबर हाय की. तू एवढं पारखून आणलं.”

आवाजात रुसवा नव्हता. असता तर बरं झालं असतं… रुसलेल्या माणसाला मनवता येतं. त्यांनी तर तिचंच खरं मानलं होतं. टाळ आहेत, आपल्यालाच सापडत नाहीत, असं समजून इतके महिने गप्प बसले होते.

पाच वर्षांची राजनंदिनी टेबलावरचा कागद घेऊन आली. “आई, ही घसरगुंडी कुणी काढली?”

“डॉक्टरांनी. आबांच्या कानाची आहे.” शीतलनं रेघेवर बोट ठेवलं. “इथपर्यंत आबांना छान ऐकू येतं. इथून खाली बारीक आवाज… चिमण्या, टाळ, असे. ते नाही येत.”

राजनंदिनीनं कागद पाहिला, मग आबांकडे पाहिलं. रोज शाळेतून आल्यावर ती त्यांच्या मांडीवर बसून वर्गातलं सगळं चिवचिवत सांगायची, आणि ते “बराबर, बराबर” म्हणत हसायचे.

“मग आई, आबांना माझा आवाज कसा येतो?”