दिवसाचा नकाशा

रंजिताला नोकरी लागली तेव्हा तिचं नेमकं काम काय, हे पनवेलच्या आरोग्य कार्यालयात कोणालाच धड ठाऊक नव्हतं. भूगोलात एम.ए. झालेली मुलगी डेंग्यूच्या हंगामात करणार काय? तिनं मात्र आल्या आल्या कॉम्प्युटरवर नकाशे काढायचं फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून घेतलं, खाली उपग्रहाचा फोटो पसरला आणि सगळ्यांदेखत सांगून टाकलं, "पेशंट कुठे आहेत ते मला सांगा, डास कुठे आहेत ते मी सांगते."

कार्यालयाच्या प्रमुख डॉ. ठोसर मॅडम हसल्या, पण त्यांना तो तोरा आवडला.

२०१३च्या सप्टेंबरात डेंग्यूनं डोकं वर काढलं. रंजितानं प्रत्येक पेशंटच्या घरावर लाल ठिपका लावला, तर ठिपके कुठे गोळाच होईनात. दोन-तीन बेलपाड्यात, काही जुन्या पनवेलात, एखादा उरणच्या वाटेवर, एखादा खाडीकाठी. धुराची गाडी बिचारी गावोगाव फिरून दमली, तरी रोज नवे रिपोर्ट येतच होते.

"साथ सगळीकडे आहे, असं म्हणतोय तुझा नकाशा," मॅडम म्हणाल्या. "ते तर आम्हालाही दिसतंय."

"नकाशा चुकत नाही, मॅडम. मीच त्याला काहीतरी चुकीचं विचारतेय."

दुपारी ती सरळ सरकारी दवाखान्याच्या वॉर्डात गेली. खिडकीजवळच्या खाटेवर गंगाबाई कोळीण तापातून नुकती उठून बसली होती.

"मावशी, तुमच्या गावात आणखी कुणाला ताप आहे?"

"नाय गो. आमच्या आळीत मना एकलीलाच."

"मग दिवसभर घरीच असता का?"

"घरी बसून मासली कोन विकंल, बाय? सकाली टोपली घेवून करंजाड्याच्या नाक्यावर जायाचा. घरी फक्त निजायला."

पलीकडच्या खाटेवरचा रिक्षावाला वळून म्हणाला, "तिथंच तर आमचा स्टँड आहे."

रंजिता जागच्या जागी थबकली. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, हे ती शाळाशाळांमधून पोरांना सांगत फिरली होती. आणि नकाशावर मात्र तिनं माणसं ठेवली होती ती रात्री झोपतात तिथं!

ऑफिसात येऊन तिनं फोन लावायला सुरुवात केली. पेशंट, पेशंटची बायको, पेशंटचा भाऊ, जो उचलेल त्याला एकच प्रश्न: ताप येण्याआधी दिवसा कुठे असायचात? संध्याकाळपर्यंत ठिपके आपापली गावं सोडून करंजाड्याला जमले. रिक्षा स्टँड, मासळीवाल्यांची रांग, पहिल्या मजल्यावरचा कॉम्प्युटर क्लास. सगळे एका छोट्या वर्तुळात. वर्तुळाच्या मधोमध दयारामशेठची अर्धवट बांधलेली इमारत उभी होती.

"लिफ्टचा खड्डा," रंजिता म्हणाली. "पावसाचं पाणी तिथंच साचणार. शंभर टक्के."

दुसऱ्या दिवशी सकाळी मॅडम, रंजिता आणि दोन फवारणीवाले तिथं हजर झाले. दयारामशेठ आधीच येऊन उभे होते. गावच्या जमिनीचे मालक, आता बिल्डर. पांढराशुभ्र शर्ट आणि कपाळाला आठ्या.

"आमच्या बिल्डिंगमधी डास हायेत, असा तुमी बोललात?"

"मी नाही, नकाशा बोलतोय."

"मंग चला, बघा."

त्यांनी स्वतः फळी बाजूला केली. रंजितानं टॉर्च खाली मारला. खड्डा कोरडा ठणठणीत होता. सिमेंटची धूळ तेवढी उजेडात चमकली. स्टँडवरचे रिक्षावाले हसले. शेठ मात्र हसले नाहीत, तेच रंजिताला जास्त लागलं.

"गेल्या साली माझे दोन मजूर आजारी परले. तवापासून मी पंप लावून पानी काढतंय," ते म्हणाले. "इचारला असतास, तर सांगितला असता."

मॅडम काही बोलणार, तेवढ्यात रंजिताच म्हणाली, "शेठ, माझं चुकलं. नकाशानं वर्तुळ दाखवलं होतं, तुमच्या इमारतीवर बोट मी ठेवलं. पण वर्तुळ बरोबर आहे. मला तुमच्या स्लॅबवर जाऊ द्याल?"

शेठनी तिच्याकडे क्षणभर निरखून पाहिलं. "चल. कठडा नाय हाय, सांभालून."

वरून सगळा नाका पायाखाली आला. स्टँड, मासळीची निळी ताडपत्री, क्लासची पाटी. आणि या सगळ्यांच्या मधे, इमारतीला लागूनच, पत्र्याच्या उंच कुंपणाआड, उपग्रहाच्या जुन्या फोटोत नुसता मोकळा दिसणारा प्लॉट. तो मोकळा नव्हता. लग्नाच्या मंडपातले फायबरचे हंस तिथं ओळीनं मांडून ठेवले होते. भलीमोठी कमळं होती, थर्माकोलचे खांब होते, न चालणारी कारंजी होती. प्रत्येक हंसाच्या पोकळ पाठीत पावसाचं पाणी साचून आभाळ चमकत होतं.

"हा तर कल्पेशचा माल," शेठ म्हणाले. "डेकोरेटर हाय. पावसात लग्ना नसतान, तवा सगला हितंच टाकतो."

त्यांनी तिथूनच फोन लावला. कल्पेश धावत आला, कुंपणाचं कुलूप उघडलं. रंजितानं पांढरी वाटी एका हंसाच्या पाठीत बुडवून वर काढली. वाटीत अळ्या वळवळत होत्या.

"अरे देवा," कल्पेश पुटपुटला. "मॅडम, माझ्या बहिणीलापण ताप येऊन गेला. ती याच क्लासला जाते."

"मग आधी हे उलटं करू या," रंजिता म्हणाली आणि तिनं पहिला हंस स्वतःच पालथा केला.

शेठनी साइटवरचे मजूर बोलावले. रिक्षावालेही उठून आले. मघाशी हसलेला दाढीवाला तर एकट्यानं कारंजं ओढत होता. दुपारपर्यंत प्लॉट कोरडा झाला, कमळांवर ताडपत्र्या ताणल्या गेल्या. मॅडमनी क्लासमध्ये आणि स्टँडवर फवारणी करून घेतली.

लागण आधीच झालेले काही जण पुढेही आजारी पडले, त्यामुळे ठिपके लगेच थांबले नाहीत. पण दिवाळीच्या सुमारास नाक्यावरून नवा रिपोर्ट येणं बंद झालं. गंगाबाई पुन्हा टोपली घेऊन बसू लागली. आरोग्य कार्यालयात प्रत्येक तापाच्या पेशंटला घराच्या पत्त्यासोबत 'दिवसा कुठे असता?' असं विचारायचं, असा मॅडमनी नियमच केला.

एका सकाळी दयारामशेठ ऑफिसात आले आणि रंजितासमोरची खुर्ची ओढून बसले.

"बाय, आमच्या गावात पोरांना जुलाब लागलेत. तुजा तो नकाशा काढशील का?"

"काढते," रंजितानं कॉम्प्युटर चालू केला. "पण या वेळी बोट ठेवायच्या आधी मी तुमच्याबरोबर गावात फिरणार. कधी निघू या?"

"आताच," शेठ म्हणाले. "गारी खाली उभी हाय."