नारळ फोडलेली वाघीण

साहेब, भिंतीवर ती वाघीण तुम्हीच काढायला लावली, अन् ती पुसायला चुन्याची बादलीही तुम्हीच पाठवली. वर म्हणता, गावानं गोंधळ घातला. गोंधळ गावानं घातला का तुम्ही, ते आधी ऐका. तुमचं काय, टेबलाला काच आहे, चहा वेळेवर येतो. डोक्याचं भजं झालं ते झुलाल पेंटरचं.

झुलाल सावद्याच्या पुढचा, केळीत बुडालेल्या एका गावातला. दुकानांच्या पाट्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर 'आई-वडिलांची कृपा', हे त्याचं रोजचं काम. पण पंचक्रोशी त्याला ओळखते ती मारुतीमुळं. हनुमान जयंती जवळ आली की आसपासच्या गावांचे मारुती तोच रंगवतो. अंग, शेपूट, गदा झाली की तो ब्रश धुतो, नारळ फोडतो, अगरबत्ती लावतो अन् मगच डोळे काढतो. बापानं तसं शिकवलेलं. डोळ्याआधी नारळ नाही फोडला तर हात थरथरतो, असं बाप म्हणायचा. झुलालनं ते कधी तपासून पाहिलं नाही.

तर तुमच्या वनखात्याचा हुकूम आला. नाल्याकाठच्या पंपघराच्या भिंतीवर वाघ काढा, खाली लिहा 'वाघ वाचवा'. मोबाइलवर नमुनाही पाठवलात. झुलालनं फोन उन्हातून सावलीत नेला, डोळे चोळून पुन्हा पाहिला. वाघ बर्फात उभा होता.

तुमचा वनरक्षक भूपेंद्र धुळे जिल्ह्यातला, साक्रीकडचा. त्याला विचारलं तर तो हसला. "झुलालभाऊ, साहेबनी जे धाडेल शे ते धाडेल शे. बरफ काढी टाक, बस."

झुलालनं बर्फासकट तो वाघच काढून टाकला. कारण खरी वाघीण त्यानं पाहिली होती. एका सकाळी गाडीवर सावद्याला निघालेला असताना ती केळीच्या दोन ओळींमधून बाहेर आली, ठिबकच्या नळ्यांवरून पाय उचलून उचलून टाकत बांधावर चढली अन् नाल्यातल्या झाडोऱ्यात उतरली. रोड होती, पोट आत गेलेलं, डावा कान चिरलेला. झुलालनं गाडी थांबवली का पळवली, त्याचं त्याला आठवत नाही. पण तो कान आठवत होता. भिंतीवर तीच उतरली.

शेवटी डोळे राहिले. अन् इथं हातानं घोळ केला. सवयीनं ब्रश धुतला. मारुतीच्या सामानातला नारळ पिशवीत होताच; तो काढला, दगडावर आपटला, पाणी भिंतीच्या पायाशी ओतलं, अगरबत्ती लावली. मग डोळे काढले. आपण काय केलं हे झुलालच्या ध्यानातही आलं नाही.

ध्यानात आलं ते ताईबाई अक्काच्या. ती गवताचा भारा घेऊन बांधावरून येत होती. तिनं भारा तिथंच टाकला.

"काय रे झुलाल, नारय फोडला?"

"हो अक्का."

"मंग वाघदेव बसाडला म्हन की!"

"नाही वो अक्का, सरकारी वाघ हाये. जाहिरात हाये."

"जाहिरातीले कोनी नारय फोडते का, भामट्या?"

दुसऱ्या दिवशी वाघिणीच्या कपाळाला शेंदूर लागलेला होता.

आता तोतारामआबांचं ऐका. नाल्याला लागून त्यांची केळीची बाग. वाघाच्या धास्तीनं घड कापायला मजूर येईनात, म्हणून आबांनी झाडोरा सपाट करायला जेसीबी बोलावला. तुमची पाटी होती तिथं, 'वृक्षतोड हा दंडनीय अपराध आहे'. तिच्यावर आबांचं बनियन वाळत असे. पण जेसीबीवाल्यानं भिंतीवरचा शेंदूर पाहिला, हार पाहिला अन् मशीन बंद केलं.

"आबा, देवासमोर मी बकेट लावनार नाही. मलेबी लेकरंबाळं हायेत."

आबांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या. मग हळूच भिंतीकडं पाहिलं, डोक्यावरची टोपी काढली अन् म्हणाले, "ने, माघारी ने."

झाडोरा वाचला. तुम्ही गाडी घेऊन आलात, भिंतीसमोर फोटो काढलात, तो तुमच्या कॅलेंडरवर छापलात. 'कलेतून संवर्धन', असं खाली लिहिलंत. झुलालचं नाव नव्हतं, ते असू द्या. त्याला खरंच बरं वाटलं. आपल्या ब्रशानं नाला राखला, असं तो चहाच्या टपरीवर सांगत सुटला.

मग लोक यायला लागले. मंगळवारी रिक्षा भरभरून, भुसावळकडून गाड्या. नवस, भंडारे, डीजे. पत्रावळ्या अन् पाण्याचे पाऊच थेट नाल्यात. आधी नाल्याच्या ओल्या चिखलात वाघिणीचे पंजे उमटलेले दिसायचे. आता चपलांशिवाय काही दिसेना.

"आते ती आठे येतच नही, भाऊ," भूपेंद्र म्हणाला. "आवाजले कटाळनी."

झुलालला घास गोड लागेना. नाला राखला तो चित्रानं का नारळानं? नारळानं राखला म्हणावं, तर त्याच नारळानं वाघीण हाकलली. मग वाघीण नसलेला नाला राखून राखलं काय? तो भिंतीपुढं जाऊन उभा राहायचा. एकदा उभ्या उभ्या त्याचे हात आपोआप जोडले गेले. मागं बायको दिपमाला उभी.

"देवाच्या पाया पडू राह्यले, का सोताच्या ब्रशच्या?"

"मले काय माहीत?"

"मंग कोनाले माहीत? काढली कोन?"

अन् अशातच तुमचा दुसरा हुकूम आला. अंधश्रद्धेला खतपाणी मिळतंय, वन्यप्राण्याला त्रास होतोय, चित्र तात्काळ पुसा. ज्यानं काढलं त्यालाच पाठवा. भूपेंद्र चुन्याची बादली घेऊन दारात उभा राहिला. त्याची मान वर होईना.

दोघं भिंतीपाशी पोचले तर ताईबाई अक्का वाघिणीच्या पंजांना पाठ टेकून बसलेली.

"मार चुना. पह्यले माह्या डोक्शावर मार."

"अक्का, वाघीण येत नाही आता इकडं. लोकाच्या गलक्यानं येत नाही."

"लोकाइले हाकला. देवाले काहून पुसता?"

तेवढ्यात तोतारामआबा मोटारसायकलवर आले. आज मोठ्या खुशीत होते.

"पूस रे झुलाल, बिनधास्त पूस. देव उठला का नाला मोकया. जेसीबीवाल्याले उद्याचं सांगून ठेवलं हाये म्या."

"लाज वाटू दे, तोताराम," अक्का कडाडली. "टोपी काढली होती ना तूच इथी?"

"देवासमोर काढली होती, अक्का. भिंतीसमोर काहून काढू?"

झुलालनं बादलीकडं पाहिलं. चुना मारला तर सकाळी मशीन उतरणार, अन् वाघिणीला परतायला जागाच उरणार नाही. नाही मारला तर मंगळवारी पुन्हा डीजे, अन् जागा असून ती परतणार नाही. ब्रश हातात होता अन् हात थरथरत होता. आज तर नारळाचा प्रश्नही नव्हता.

"भूपेंद्रभाऊ, साहेबाले फोन लाव."

भूपेंद्रनं लावला, स्पीकरवर टाकला. तुम्ही उचललात, एवढं तरी खरं.

"पुसलं का?"

"पुसतो साहेब. पन पुसलं का उद्या झाडं तोडतीन."

"मग पुसू नका."

"अन् मंगयवारी भंडारा हाये. डीजे हाये."

मागं कोणीतरी तुमच्यासाठी कप ठेवल्याचा आवाज आला. मग तुम्ही म्हणालात, "हे बघा, स्थानिक पातळीवर जो योग्य वाटेल तो निर्णय घ्या."

झुलालनं आजूबाजूला पाहिलं. अक्का, आबा, खाली मान घातलेला भूपेंद्र अन् बादली. स्थानिक पातळी म्हणायची ती एवढीच होती. त्यानं भूपेंद्रच्या हातातून फोन ओढून घेतला.

"साहेब, पातयी-बितयी मले समजत नाही. वाघीण तुमची, झाडं तुमची, हुकूम तुमचा. मंग पाप माह्यं काहून? चुना मारू, का डीजे बंद करायले तुमी मानसं पाठवता? अन् उद्या आबाचं मशीन नाल्यात उतरन तव्हा तुमी त्याच्यासमोर येऊन उभे राह्यता का नाही? हो म्हना नाहीतर नाही म्हना. फोन ठेवू नका. बोला!"