मार खाल्लेली झाडं

बांधावर दात पडला होता. पुढचा, मुळासकट. थोरल्याचा की धाकट्याचा ते कळायला मार्ग नव्हता, कारण दोघा भावांची तोंडं सारखीच फुटली होती. थोरल्या जावेनं तो दात पायानं मातीत दाबला आणि नवऱ्याच्या सदऱ्याला लोंबकळली. "अहो, सोडा! मरेल तो!"

नाही. इथून सांगितलं तर झाडं मागेच राहतात. अळीपासून सांगायला हवं.

टोमॅटोचं रान मुळात एकच. आई गेली आणि भावांनी मधोमध बांध घातला, बोलणं टाकलं. जावांनी मात्र टाकलं नाही. विहीर एकच होती, पाणी भरता भरता तोंडंही चालायची.

अळी आधी धाकट्याच्या रानात पडली. धाकटी बादलीत अळ्या वेचायची आणि दगडानं ठेचायची. हात कितीही घासले तरी घास तोंडाशी नेताना तो हिरवा वास यायचा. एका सकाळी तिनं बांधावरून हाक मारली.

"जाऊबाई, इकडे या! बघा ही सटवी काय करतेय."

कुरतडलेल्या पानावर एक जाडी अळी दुसरीच्या पोटात तोंड खुपसून होती. खालची अजून वळवळत होती. वरची तिला कडेकडेनं, पान खावं तशी, सावकाश खात होती. शेजारच्या फांदीला नुसतीच कातडी लोंबत होती.

"पान सोडून हिला खातेय?"

"पान चाखलं मी. थू! जीभ आखडली. चार दिवसांपूर्वी हेच पान मेल्या चटाचटा खात होत्या. झाडानं आता आत काहीतरी कालवलंय."

"सख्ख्या बहिणी असतील गं."

"म्हणून तर एवढ्या चवीनं खातेय."

दोघी खदखदल्या. मग थोरलीचं लक्ष आपल्या रांगांकडे गेलं. लुसलुशीत पानं, एक भोक नाही. इथं पोट भरेना म्हटल्यावर उरलेल्या अळ्या कुठं जाणार, हे काय सांगायला हवं? फुलं नुकती धरली होती. ही पानं गेली की पीक गेलं, आणि पीक गेलं की वर्ष गेलं.

"सासूबाईंचा फोक आठवतो?" धाकटी हळूच म्हणाली.

फोक.

पहिली अळी दिसली की सासू लवचीक फांदीचा ओला फोक तोडायची आणि रांगेनं झाडं झोडपत निघायची. पानं फाटतील पण देठ मोडणार नाही, असा तोलून मार. "जागी व्हा गं, जागी व्हा!" संध्याकाळी तोच फोक घेऊन ती घरी यायची आणि पोरांनी काही केलेलं असलं तर त्यांच्या पाठी फोडायची. तिथं मात्र तोलून नाही. पोरं एवढंच शिकली, की आईचं डोकं फिरलं की समोर येईल त्याला ती मारते. पोरं नसली तर झाडं. ती झाडांना का मारते, हे तिनं सांगितलं नाही. पोरांना का मारते, तेही नाही.

जावांना मात्र त्या पानाच्या चवीनं उमगलं: पान फाटलं की झाड कडू होतं, मग ते अळीनं फाडलेलं असो की फोकानं. तर दुपारी दोघी फोक घेऊन थोरल्याच्या रानात शिरल्या. सपासप. फाटक्या पानांचा उग्र वास सुटला, डोळे चुरचुरले. निम्मं रान झालं आणि थोरला आला.

त्याला काय दिसलं? भावाची बायको आपलं रान झोडतेय. हातात आईचा फोक.

"अहो, ऐका तर—" थोरली पुढं झाली. त्यानं तिला ढकलून दिलं. फोक हिसकावला, उलटा धरला आणि जाड बाजू धाकटीच्या कानावर हाणली. ती आधाराच्या काठ्यांवर कोसळली. कानातून रक्त आलं.

धाकटा बांध ओलांडून धावत आला. "दादा, बाईमाणसावर हात?"

"माझं रान झोडलं तिनं!"

"तुझी बायको काय करत होती, आंधळ्या?"

दोघं लोळत बांधापर्यंत गेले. गुडघे, मुठी, माती, दात. थोरल्यानं भावाचं तोंड काठीवर आपटलं. धाकट्यानं त्याचा हात तोंडात धरला आणि जबडा मिटला. मग करंगळीचं पेर थुंकलं, झाडाच्या बुडाशी.

...

अळ्या आल्याच. बांध ओलांडून, झुंडीनं. झोडपलेल्या रांगांत दोन घास घेतले, थांबल्या, आणि एकमेकींकडे वळल्या. उरलेलं निम्मं रान त्यांनी काड्या होईपर्यंत खाल्लं.

तोडणीच्या दिवशी थोरला पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन रानात बसला होता. थोरलीनं एक फाटकं पान तोडलं.

"चावा."

त्यानं चावलं आणि लगेच थुंकलं. "हे काय आहे?"

"तुमच्या आईचा मार आहे. अळ्यांना हेच होतं खायला, म्हणून त्यांनी बहिणी खाल्ल्या. तुम्हा भावांना घरात काय कमी होतं?"

त्यानं पट्टीनं जीभ पुसली.

"जाऊबाई!" पलीकडून हाक आली. धाकटीचा एक कान गेला, तेव्हापासून ती ओरडूनच बोलते. "माझे क्रेट भरले! तुमचे रिकामे असतील तर द्या की!"

थोरलीनं चार क्रेट डोक्यावर घेतले आणि बांधावर पाय ठेवला. तळव्याला काहीतरी टोचलं. तिनं खाली पाहिलं नाही.