सगळ्या खिडक्या समुद्राकडे

मित्रांनो, मी एक जुना कॅरम बोर्ड आहे. सध्या मात्र मी टेबल आहे. ही बदली मला कोणी कळवली नाही. एके दिवशी अंगावर बोरिक पावडरऐवजी काळी शाई सांडली, तेव्हा मी काय ते समजून घेतलं.

माझा जन्म फणसवाडीतल्या एका सुताराकडे झाला. डिलाईल रोडच्या मोतीराम चाळीने वर्गणी काढून मला विकत आणलं. तळमजल्यावर पाण्याच्या पिंपावर मला मांडत आणि वर एक बल्ब लावत. चाळीत कोकणातल्या गिरणी कामगारांची घरं होती, तशी बौद्धांचीही होती. एकमेकांकडे चहा घेताना दोनदा विचार करणारी ही माणसं माझ्यावरच्या राणीसाठी मात्र खुशाल एकमेकांच्या अंगावर धावून जात. यालाच राष्ट्रीय एकात्मता म्हणतात, असं मी पोरं चाळीत पाठ करायची त्या शाळेच्या भाषणांत ऐकलं आहे.

मग मोबाईल आले. पोरं माझ्यावर कोपर टेकून मोबाईलवर कॅरम खेळू लागली. मी लाकूड असल्यामुळे मला वाईट वाटलं नाही. अंग जरा फुगलं, पण ते ओलीने.

मला उचललं राजरत्न तांबेने. तो पहिल्या मजल्यावर आईबरोबर राहायचा. चित्रकलेचा डिप्लोमा झाला होता आणि त्याला कॉमिक्स काढून पोट भरायचं होतं. लोक विचारत, "हो का? छान. आणि दिवसभर काय करतोस?"

खोलीत मला ठेवायला एकच जागा होती, पाण्याच्या पिंपावर. म्हणजे बढती मिळाली, पण खुर्ची तीच. सकाळी नळाला पाणी आलं की कागद, ब्रश, शाई आणि मी, सगळे पलंगावर जायचो.

"आवर रे तुझी कला," आई बादली घेऊन उभी राहायची. "पाणी जाईल."

चित्रकाराच्या टेबलाला चार कोपऱ्यांत चार भोकं असू नयेत, हे मलाही मान्य आहे. माझ्या जाळ्या केव्हाच फाटल्या होत्या. त्यामुळे खोडरबर हातातून सुटलं की थेट पिंपात. तांबे कुटुंबाने त्या वर्षांत बरंच रबर पाण्यातून घेतलं.

राजरत्नने पडेल ते काम केलं. गाईडात बेडकाची पचनसंस्था काढली. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर कुठल्या तरी दादांच्या पाठीमागे उगवता सूर्य काढला. लग्नपत्रिकांवर नवरा-नवरी काढली. एका गिऱ्हाइकाचं लग्न मोडून दुसरीकडे जमलं. त्याचा फोन आला, "नवरा तोच आहे ना, मग अर्धंच काम झालं." यातल्या कशावरही राजरत्नचं नाव नसायचं. "नाव होईल तुझं," असं मात्र प्रत्येक जण सांगायचा.

स्वतःसाठी तो फक्त चाळ काढायचा. शेजारच्या मालनकाकू मासे साफ करताना, चाळ कमिटीचे अध्यक्ष शामराव पेपर वाचता वाचता झोपताना. लोक माझ्यावर वाकून बघत.

"मेल्या, माजां नाक इतक्यां मोठां आसा?" मालनकाकू विचारायच्या.

"कागदात मावेल तेवढंच काढलंय, काकू."

"बरां केलंस," असं म्हणून त्या तोच कागद मागून न्यायच्या. राजरत्नला अनोळखी माणसं काढताच येत नव्हती. परका चेहरा काढायला घेतला तरी संध्याकाळपर्यंत त्याचा शामराव व्हायचा.

याच सुमारास चाळ पाडून टॉवर बांधायचं ठरत होतं. बिल्डरला रहिवाशांच्या संमतीच्या सह्या हव्या होत्या. कुणाला कुठलं घर, हे करारात लिहून मिळाल्याशिवाय सही नाही, असं चाळीने ठरवलं होतं. त्यात सगळ्यांत ठाम होती राजरत्नची आई. बिल्डरची माणसं आली की ती दारातूनच सांगायची, "आधी कागद, मग सही. बसा नाही म्हणणार मी. बसलात की उठत नाही तुम्ही."

मग माणसं यायची बंद झाली आणि श्रेया आली. बिल्डरने नेमलेल्या जाहिरात कंपनीत ती काम करत होती. ती राजरत्नला "सर" म्हणाली. त्याने मागे वळून पाहिलं. मागे फक्त मोरी होती.

"सर, एक कॉमिक हवंय. नव्या टॉवरमधलं आयुष्य. रंगीत, हलकंफुलकं. आणि इथलेच चेहरे घ्या ना, लोकांना जवळचं वाटेल."

"नाव येईल माझं?"

"कव्हरवर. ठळक."

ती गेल्यावर आई म्हणाली, "आपण सही देत नाही, आणि तू त्यांचं पुस्तक काढणार?"

"आई, चित्रं आहेत ती. गोष्ट आहे नुसती. चित्र बघून कोण सही करतं?"

त्याने ते पुस्तक फार मन लावून काढलं. खोटं सांगणार नाही, माझ्यावर झालेलं ते सर्वांत चांगलं काम होतं. मालनकाकू पान चारवर खिडकीत उभ्या होत्या, समोर अथांग समुद्र. शामराव पान सातवर लिफ्टमध्ये शिरत होते. छापून आल्यावर त्याने कव्हरवरच्या नावावरून बोट फिरवलं, शाई ओली आहे का बघितल्यासारखं.

पुस्तक घरोघर वाटलं गेलं आणि भांडणं सुरू झाली.

मित्रांनो, इथे चाळीचा एक कायदा समजून घ्या. नळावर ज्याची बादली जिथे, त्याचा नंबर तिथे. मालक गावाला गेला तरी ती बादली कोणी हलवत नाही. त्याच न्यायाने लोकांनी ठरवलं, ज्याचा चेहरा ज्या खिडकीत, ते घर त्याचं.

शामराव पुस्तक घेऊन वर आले. "रत्न्या, अध्यक्ष मी. आणि मालनला समुद्र, मला लिफ्टशेजारी?"

"काका, गोष्टीत कुणीतरी लिफ्टने जायला हवं होतं."

"मग तू जा! तू कुठल्या पानावर आहेस?"

"मी नाहीच आहे."

"बघा! स्वतःचं घर लपवून ठेवलंय यानं."

मालनकाकू दारातूनच ओरडल्या, "माका गावला ता माजां! कोणी बादली हलवूची नाय!"

"अहो, हे चित्र आहे!" राजरत्नही ओरडला. "कुणाला कुठलं घर, हे मी नाही ठरवत!"

"मग कव्हरवर नाव कुणाचं आहे?" शामरावांनी विचारलं.

राजरत्नने श्रेयाला फोन लावला. "लोक हे खरं समजतायत. पुस्तक मागे घ्या."

"मागे कशाला, सर? दुसरी आवृत्ती काढू. सगळ्यांनाच समुद्र द्या."

"सगळ्यांना कसा देणार? इमारतीला मागची बाजू असते."

"कॉमिकमध्ये पण?"

फोन ठेवून तो माझ्यासमोर आला. "दुसरी आवृत्ती," असं एकदा मोठ्याने म्हणून बघितलं. शब्द तोंडात चांगले बसले. मग त्याने शाईचं झाकण उघडलं.

त्या इमारतीच्या सगळ्या खिडक्या समुद्राकडे होत्या. मागे जिना नव्हता, संडास नव्हता, भिंतही नव्हती. मागे काय आहे, हे चाळीत कोणीच विचारलं नाही. शामरावांनी आपली खिडकी मालनकाकूंच्या खिडकीपेक्षा वीतभर मोठी करून घेतली आणि पहिली सही केली. मग रांग लागली.

राजरत्न जिन्यात उभा राहून एकेकाला अडवत होता. "थांबा, करार तर बघा." लोक त्याच्या पाठीवर थाप मारून पुढे जात. "किती लाजतोस रे," असं म्हणत.

तो घरी आला तेव्हा आई शांतपणे तांदूळ निवडत होती.

"आई, तू नाही ना केलीस?"

"केली."

"तू तर म्हणायचीस, आधी कागद!"

"मग आला ना कागद. दुसऱ्या कुणी काढला असता तर मी हातही लावला नसता." तिने सुपातला खडा बाजूला टाकला. "तू काढलायस."

चाळ पडली. आम्हा सगळ्यांना अँटॉप हिलला तात्पुरत्या खोल्यांमध्ये नेलं. तात्पुरतं म्हणजे काय, हे सांगणारं माणूस अजून भेटलेलं नाही. डिलाईल रोडच्या जागेवर पत्र्याचं कुंपण आहे. आत मोठा खड्डा आहे आणि खड्ड्यात पाणी साठलं आहे. म्हणजे समुद्राचा शब्द त्यांनी पाळला.

श्रेयाचा नंबर आता लागत नाही. पुस्तकावर बिल्डरचं नाव शोधलं तर ते कुठेच नाही. नाव एकच आहे, कव्हरवर, ठळक. म्हणून लोक नव्या घरांबद्दल विचारायला राजरत्नकडेच येतात.

शामराव एकदा पुस्तक घेऊन आले आणि माझ्यावर ठेवलं. "पुढचं पान काढ."

"कुठलं, काका?"

"आम्ही आत राहायला जातो ते."

राजरत्नने ब्रश धुवायला घेतला. शामराव तसेच बसून राहिले, तिकीट काढलेल्या माणसासारखे.

पुढे तेही थांबलं. आता राजरत्न कागद घेऊन बाहेर बसला की बाया पदर ओढतात, दारं लोटली जातात. "आमच्याकडे बघू नकोस रे, बाबा. तू काढलंस की घर जातं." त्याला दुसरी माणसं काढता येत नाहीत. म्हणून तो पुन्हा बेडूक काढतो. बेडकाला अजून कोणी सांगितलेलं नाही.

परवा मालनकाकू गेल्या. त्यांचा मुलगा हितेंद्र आला. त्याच्या हातात पान चार होतं, नीट कापलेलं.

"आईचा फोटो नाहीये धड एकही," तो म्हणाला. "फ्रेम करायचीय. यात हसतेय ती. तेवढा फुगा काढून दे."

काकूंच्या डोक्यावर संवादाचा फुगा होता, 'अहाहा, काय हा वारा!' हे वाक्य कंपनीने लिहून दिलं होतं. राजरत्नने पांढरा रंग कालवला आणि एकेक अक्षर पुसलं. मग फुगाही पुसला. त्याचा ब्रश खिडकीपाशी थांबला.

"समुद्रही काढून टाकू?"

हितेंद्रने विचार केला. "राहू दे," तो म्हणाला. "कुणाला तरी मिळाला, म्हणू."

मित्रांनो, मनोगताच्या शेवटी वस्तूने काहीतरी मागायचं असतं. मला पाण्यापासून जपा, एवढं मी मागू शकतो, पण मला पिंपावरच ठेवलं आहे, तेव्हा जाऊ दे. तुमच्याही शेजारी कोणी चित्रं काढणारा असेल. त्याचं चित्र आवडलं तर आवडलं म्हणा, भिंतीवर लावा, हवं तर नाक मोठं झालं म्हणून भांडा. पण त्याच्याखाली सही त्यालाच करू द्या. तुम्ही करू नका.