बुधवारची गाडी

फाटक हे माझं आडनाव नाही. सांगून सांगून जीभ झिजली माझी. अभयारण्याच्या फाटकावर अकरा वर्षं उभी आहे म्हणून सगळे मला फाटकबाई म्हणतात, बाकी काही नाही. एकदा एका पाहुण्या आजोबांनी अगदी आपुलकीनं विचारलं, "फाटक म्हणजे कुठले हो तुम्ही?" मी म्हटलं, "लोखंडी."

तर असा माझा स्वभाव. गोड बोलणं मला जमत नाही आणि फाटकावर त्याचा उपयोगही नसतो. सकाळी सहा गाड्या, दुपारी सहा. सातवी गाडी कुणाचीही असो, परत जाते. एकदा मंत्र्यांच्या मेहुण्यांना परत पाठवलं होतं, तेव्हा ते म्हणाले, "मी कोण आहे माहीत आहे का?" मी म्हटलं, "माहीत आहे ना, सातवे." ही गोष्ट अजून कचेरीत सांगतात. सांगताना मी तिथे असले की मी मान खाली घालून हसायची, पण आतून फुगायची. खोटं कशाला बोलू?

गाड्या आत सोडण्याआधी माझं भाषण असतं. खाली उतरायचं नाही. हाका मारायच्या नाहीत, खायला टाकायचं नाही. वीसच्या वर काटा न्यायचा नाही. आणि जनावर रस्त्यात असेल तर इंजिन बंद करून गप बसायचं, ते उठेल तेव्हा उठेल, तुमची बस चुकत नाही. एवढं सगळं मी एका दमात म्हणते. पोरंटोरंसुद्धा चिडीचूप होतात.

बुधवारी मात्र भाषण नाही, कारण बुधवारी जंगल बंद. आमच्या साहेबांनी सहा वर्षांपूर्वी वरच्यांशी भांडून हा दिवस मिळवला. साहेब म्हणजे हाडकुळा, जाड भिंगांचा माणूस. आवाज एवढा बारीक की फोनवर लोक त्यांना 'मॅडम' म्हणतात. पण या एका दिवसासाठी ते असे काही अडून बसले की वरच्यांनी हात टेकले. आठवड्यातून एक दिवस जनावरांना विसावा, एवढंच त्यांचं म्हणणं. त्या दिवशी आमची माणसंही पायीच फिरतात. फाटकावरची पाटी मी माझ्या हातानं रंगवली: 'बुधवार त्यांचा. आज आत कोणी नाही.'

आणि काय सांगू तुम्हाला, जनावरांना बुधवार कळायला लागला. सकाळी इंजिनं वाजली नाहीत की तासाभरात ती रस्त्यावर यायची. झाडांमुळे आत ऊन उशिरा पोचतं, रस्त्यावर आधी येतं. बाकीच्या दिवशी जी हरणं गाडीचा आवाज आला की झाडीत वीस पावलं मागे जातात, तीच बुधवारी रस्त्याच्या मधोमध पाय दुमडून बसलेली. त्यांत एक होती कानफाटी. तिचा डावा कान मधोमध चिरलेला होता. आमची माणसं मुद्दाम मला चिडवायची, "फाटकबाई, तुमची बहीण भेटली आज, तळ्याच्या वळणावर. पाडस झालंय तिला." मी म्हणायची, "मग मावशी झाले म्हणा की मी."

त्याच आठवड्यात आमच्या नणंदबाई आल्या.

आल्या मंगळवारी संध्याकाळी आणि निघणार गुरुवारी पहाटे, म्हणजे हाताशी होता तो बुधवारच. बरोबर त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, आणि भाऊजींची नवीकोरी, ही भलीमोठी गाडी. जेवताना वन्सं माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "दादा, वहिनींचं बरं आहे हं. दांडा वर, दांडा खाली. अशी नोकरी मला मिळाली तर मी लोकरीचं अख्खं दुकान विणून काढीन." हे हसले. भाऊजी हसले. मीही हसले, पण ते बोलणं माझ्या मस्तकात गेलं ते गेलंच. वन्सं काही दुष्ट नाहीत. त्यांना जिभेवर आलेलं आवरत नाही, मलाही आवरत नाही. फरक इतकाच की त्या बोलून मोकळ्या होतात आणि मी धरून बसते.

बुधवारी सकाळी नऊच्या सुमारास दोघं सहज फाटक बघायला आली. हे कामावर गेले होते. आमची माणसं पायी पलीकडच्या टोकाला गेलेली. फाटकावर मी एकटी. वन्सं इकडेतिकडे बघून म्हणाल्या, "एवढंच?"

एवढंच! हा शब्द ऐकला आणि माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "बसा गाडीत. आज जे दिसेल ते रोजच्या लोकांना जन्मात दिसायचं नाही."

माझ्याकडे कुणी हट्ट केला नव्हता. हे मला आधी सांगून टाकायचंय. उलट वन्संच पाटीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "अहो वहिनी, पण ही पाटी..."

"पाटी मीच लिहिलीय," मी म्हटलं आणि दांडा वर केला.

मी पुढे भाऊजींच्या शेजारी बसले. वन्सं मागे. आत शिरल्या शिरल्या तीन हरणं रस्त्यावर बसलेली दिसली. आम्ही थांबलो. ती आमच्याकडे बघत राहिली, मग सावकाश उठून बाजूला झाली. वन्संनी मागून माझा खांदा घट्ट धरला. मला काय झालं म्हणून सांगू! अकरा वर्षं लोकांना 'हे करू नका, ते करू नका' सांगितलं होतं, पण असं कुणाला काही दाखवलं नव्हतं. मी सुटलेच. हे झाड कुठलं, ते घरटं कुणाचं, बुधवार साहेबांनी कसा मिळवला, जनावरांना तो कसा कळतो. मागे वळून, सीटवर गुडघा टेकवून, हातवारे करत मी वन्संना सांगत होते. भाऊजी ऐकता ऐकता आरशात त्यांच्याकडे बघून हसत होते. काट्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. माझं असायला हवं होतं.

तळ्याचं वळण आलं तेव्हा माझी पाठ रस्त्याकडे होती.

आवाज फार मोठा नव्हता. पोतं खाली टाकल्यासारखा. गाडी थांबली. मी वळून पाहिलं तर कानफाटी रस्त्याच्या कडेला उभी होती आणि पाडस गाडीच्या पुढ्यात पडलं होतं. मागचे दोन्ही पाय भलतीकडे गेलेले. मान वर करत होतं, पुन्हा टाकत होतं. जिवंत होतं. कानफाटी पळाली नाही. एरवी पळाली असती. बुधवार होता ना.

वन्सं रडायलाच लागल्या. "वहिनी, डॉक्टरांना बोलवा हो. तुमच्याकडे ते यंत्र असतं ना बोलायचं, त्याच्यावर बोलवा."

यंत्र माझ्या कमरेलाच होतं. नुसतं बटण दाबायचं. जनावरांचे डॉक्टर कचेरीत असतात, वीस मिनिटांत आले असते. पण आल्यावर विचारलं असतं, ही गाडी कुणाची? बुधवारी आत कशी? आणि मग उद्या कचेरीत 'सातवे' नाही, ही गोष्ट सांगितली असती लोकांनी. हे सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं. पाडसाचा विचार त्यात कुठे नव्हता.

मी म्हटलं, "मागे घ्या गाडी. चला इथून."

"अहो, पण ते जिवंत आहे," भाऊजी म्हणाले.

"मला सांगता? रोजचं आहे हे इथे. चला म्हणते ना!"

रोजचं! अकरा वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

वळणावर रस्ता खडकाळ आहे, तिथे चाकांचा माग उमटत नाही. फाटकाशी मात्र आम्ही भुसभुशीत मातीचा पट्टा ठेवलाय, कोण आलं-गेलं ते ठशांवरून कळावं म्हणून. बुधवारी संध्याकाळी मी तो झाडून सारखा करते. त्या दिवशी सकाळी दहालाच झाडला. वन्सं गाडीत बसून बघत होत्या. त्यांना न बोलता बसलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. गुरुवारी पहाटे निघताना त्यांनी माझा हात हातात घेतला, आणि मी तो सोडवून घेतला.

पाडस गुरुवारी पहिल्या फेरीत सापडलं. डॉक्टरांनी तपासलं आणि कचेरीच्या ओट्यावर बसून म्हणाले, "संध्याकाळपर्यंत जीव होता बिचाऱ्यात. वेळेत कळलं असतं तर चाललं नसतं कधी, पण जगलं असतं." मी त्यांना चहा देत होते. कप माझ्या हातून पडला नाही, काही नाही. व्यवस्थित दिला. याचीसुद्धा मला लाज वाटते.

मार कशाचा? डॉक्टर म्हणाले, गाडीचा असू शकतो, वरच्या दरडीवरून पडूनही होऊ शकतो. साहेब म्हणाले, "गाडी नाहीच. फाटक एकच, आणि फाटकावर आपल्या बाई होत्या." झालं. कागदावर दरड आली. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं. निदान एक शिवी हासडून खोटं बोलले असते. विश्वासानं मला तेवढीही जागा ठेवली नाही. घरी हे म्हणाले, "जेवत का नाहीस? बरं नाही का?" मी म्हटलं, "दात दुखतोय."

असे बारा दिवस दात दुखला. तेराव्या दिवशी कचेरीत बैठक होती.

बाहेरच्या हॉटेलवाल्यांना बुधवार उघडा हवा होता. त्यांची मागणी जुनीच, साहेब दर वेळी एकच उत्तर द्यायचे: सहा वर्षांत बुधवारी एका जनावराला खरचटलं नाही. यंदा वरचे साहेबही बैठकीला आले होते, निर्णय त्याच दिवशी व्हायचा होता. मी दाराशी उभी, कुणाला काही लागलं तर बघायला.

हॉटेलवाल्यांच्या वतीनं एक काका बोलायला उठले. माणूस सभ्य, कधी आवाज चढवत नाही. म्हणाले, "साहेब, तुमच्या बुधवारचा आम्ही मान राखला. पण परवाचं पाडस बुधवारीच गेलं ना? आत एकही गाडी नसताना? मग जनावरं मरायची ती मरतातच. गाड्यांचा संबंध काय? आमची माणसं मात्र दर आठवड्याला एक दिवस घरी बसतात."

वरच्या साहेबांनी मान हलवली. "मुद्दा आहे," म्हणाले.

आमच्या साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. सहा वर्षांचं भांडण त्या एका पाडसानं हरवलं होतं, आणि ते का हरलं हे त्या खोलीत एकट्या मला ठाऊक होतं. मी गप्प राहिले तर बुधवार जाणार, आणि बोलले तर मी. इतकं स्वच्छ माझ्यापुढे आयुष्यात काही आलं नव्हतं.

बुडत्यानं काडी धरावी तसं साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, त्या दिवशी खरंच एकही..." आणि स्वतःच थांबले. "नाही, तुम्हाला काय विचारायचं! तुम्ही असताना गाडी कशी जाईल?"

"गेली होती," मी म्हटलं.

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"एक गाडी गेली होती. माझीच माणसं होती. मीच दांडा वर केला, मीच आत बसले. पाडस गाडीखाली आलं तेव्हा मी मागे तोंड करून बडबडत होते. जिवंत होतं ते. कमरेला यंत्र होतं, मी डॉक्टरांना बोलावलं नाही. माग झाडून टाकला." मला श्वास घ्यावा लागला. "ते रस्त्यावर बसलं होतं कारण बुधवार होता. बुधवारनं नाही मारलं त्याला."

हॉटेलवाले काका हळूच खाली बसले. साहेबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. ते समोरच्या कागदावरच्या 'दरड' या शब्दाकडे बघत होते. ओरडले असते तर मी पायांवर डोकं ठेवलं असतं. ते नुसतं म्हणाले, "बाहेर थांबा."

बुधवार वाचला. माझी चौकशी वर गेली आहे, काय व्हायचं ते होईल. मी त्याच संध्याकाळी वन्संना फोन केला. मला वाटलं चिडतील. त्या म्हणाल्या, "आम्ही दोघं येतो वहिनी, आमचं नावही लिहून घ्या. रोज तेच दिसतं हो डोळ्यांपुढे." इतकी वर्षं ज्या बाईच्या जिभेला मी नावं ठेवली, ती त्या वळणावर माझ्यापेक्षा शहाणी होती.

फाटकाची किल्ली परत करायला मी साहेबांच्या टेबलाशी गेले. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "निकाल येईपर्यंत तुम्हीच. दुसरं माणूस नाही माझ्याकडे."

"मला तिथे उभं राहवणार नाही, साहेब."

"उभं राहा," ते त्या बारीक आवाजात म्हणाले. "आणि भाषणात हेही सांगा. लोक तुमचं ऐकतात."

म्हणून आता रोज सांगते. खाली उतरू नका, हाका मारू नका, वीसच्या वर जाऊ नका. आणि मग एका बुधवारी एका बाईनं काय केलं ते, पहिल्यापासून. एका दमात नाही होत, दोनदा थांबावं लागतं. पहिल्याच दिवशी दुसऱ्या गाडीतल्या एक बाई ऐकता ऐकता लाल झाल्या. माझ्याच वयाच्या असतील.

"काय तरी माणसं असतात!" त्या म्हणाल्या. "काढलं की नाही मग त्या बाईला?"

"अजून नाही," मी म्हटलं. "तीच सांगतेय तुम्हाला."

आणि दांडा वर केला.